आधी ब्रेक, मग इंजिन

आमच्या सीमाभागात मागे ताडपत्री असलेल्या कोणत्याही चारचाकी गाडीला जीप म्हणण्याची रीत आहे. कंपनी कोणती, मॉडेल कोणते, ही चौकशी शहरातले लोक करतात. खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, किंवा तिकडे चंदगडच्या डोंगरपट्ट्यात, पावसाळ्यात चिखलातून आपल्या बळावर बाहेर येते ती जीप, एवढी व्याख्या लोकांना पुरते. नवरदेव तिच्यातून मिरवला, अडलेली बाळंतीण तिच्यातून दवाखान्यात पोहोचली, निवडणुकीत कर्णा तिच्याच टपावर बांधला गेला, आणि काजू, भात व शेणखत यांनी तर तिच्यात आपला कायमचा वास ठेवला. अशी गाडी घरात असली की ती मालमत्ता राहत नाही, घरातले एक माणूसच होते. आणि माणूस म्हातारे झाले की घरात जे प्रश्न उभे राहतात, तेच तिच्या बाबतीतही उभे राहतात.

या जीपचा मूळपुरुष अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, विलिस कंपनीने लष्करासाठी ही गाडी बनवायला घेतली. मागणी एवढी की तीच गाडी त्याच मापांनी फोर्ड कंपनीलाही बनवावी लागली. युद्ध संपेपर्यंत दोघींनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. आपल्याकडे १९४५ साली लुधियानात ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ नावाची कंपनी निघाली. तिचे एक भागीदार मलिक गुलाम मुहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये इकडच्या कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. एक नाव गेले, तरी आद्याक्षरे तीच राहिली. विलिसचे सुटे भाग आणून मुंबईत जोडलेली जीप हा या कंपनीचा मोटारधंद्यातला पहिला माल.

आपल्या ओळखीचा तो उंच नाकाचा चेहरा मात्र १९५३ सालचा. त्या वर्षी अमेरिकेत सीजे-३बी हे मॉडेल निघाले. त्याच्या इंजिनात हवा आत घेणाऱ्या झडपा वरच्या बाजूला, हेडमध्ये नेल्या होत्या. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते झाकण्यासाठी बॉनेट उचलावे लागले. सौंदर्याचा त्यात काही संबंध नव्हता. भारतात हाच चेहरा रुजला आणि अमेरिकेत तो बंद झाल्यावरही इथे कित्येक दशके चालू राहिला. पुढे १९८० च्या दशकात त्याच बॉनेटखाली पेजो जातीचे २११२ घन सेंटिमीटरचे डिझेल इंजिन आले. तेव्हा जुन्या गाडीत नव्या काळाचा भाग बसवणे हे काही आजच्या पोरांचे खूळ नव्हे. ज्यांनी ही गाडी बनवली, त्यांनीच तिच्या बाबतीत हे आयुष्यभर केले. फक्त ते कोणत्या क्रमाने करावे, हा खरा प्रश्न आहे. माझ्या घरात गेल्या दोन वर्षांत त्याचा जो खल झाला, तो वाचकांना सांगावा असे वाटते; कारण अशा जीप आपल्या भागात अजून पुष्कळ आहेत.

आमची जीप म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णांची. १९८० च्या दशकातली, पेजो इंजिनाची, पुढे जाणारे तीनच गिअर असलेली. अण्णा गेले तेव्हा ती गोठ्याशेजारच्या पडवीत उभी होती. मी बेळगावला शाळेत, पुतण्या हुबळीची नोकरी सोडून शेतीवर परत आलेला आणि वहिनींना उपचारासाठी महिन्यातून दोन वेळा बेळगावला न्यावे लागते. गावापासून डांबरी सडकेपर्यंतचा रस्ता पावसाळ्यात रस्ता म्हणावा असा उरत नाही. मध्ये एक ओढा आणि पुढे उतार. एसटी वेळेवर मिळेल याची खात्री नाही. म्हणजे गाडी ही हौस नव्हती, गरज होती.

घरात तीन पक्ष पडले. माझ्या मुलाचे मत, ती विकून टाका आणि दारे बंद होणारी एखादी गाडी घ्या. वहिनींचे मत, अण्णांनी ठेवली तशीच ठेवा. पुतण्याचे मत तिसरेच. त्याने वहीच्या पानावर यादी केली होती. २०१० साली आलेल्या थारमधले कॉमन रेल टर्बो इंजिन, त्याच्या जोडीचा पाच गिअरचा बॉक्स, पॉवर स्टिअरिंग, रुंद टायर, आणि सगळ्यात शेवटी, पेन्सिलीने, ब्रेक. अपघातात मोडलेल्या एका गाडीचे इंजिन त्याने हेरूनही ठेवले होते.

ती यादी घेऊन आम्ही उद्यमबागेकडच्या एका मिस्त्रींकडे गेलो. चाळीस वर्षे जीपखाली झोपलेला माणूस. पोराशी कानडीत बोलतात, माझ्याशी मराठीत, आणि बोल्ट अडला की दखनीत. त्यांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली आणि म्हणाले, “सर, ही यादी उलटी लिहिलीय बघा. गाडी पळवायला कुणालाबी येतंय. आधी थांबवायचं काय ते बघूया की.”

वाचकांनी आपल्या घरची जुनी जीप डोळ्यांपुढे आणावी. तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक. पेडल दाबले की एकाच मास्टर सिलिंडरमधून तेल चारही चाकांकडे जाते. त्या काळी जगभरच्या गाड्यांची रचना बहुतेक अशीच असे. तिच्यातला धोका असा की चारांपैकी एका चाकाचे रबर फाटले किंवा एखादी नळी झिजली, तर तेल तिथून निघून जाते आणि चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. नंतरच्या गाड्यांत मास्टर सिलिंडर दुहेरी आला. एकाच नळकांड्यात दोन कप्पे, एक पुढच्या चाकांचा, एक मागच्या. एक कप्पा रिकामा झाला तरी दुसरा गाडी थांबवतो. ड्रमची दुसरी अडचण पाण्याची. ओढ्यातून गाडी काढली की आत पाणी शिरते आणि लायनर वाळेपर्यंत ब्रेक धरत नाही. लांब उतारावर उलट होते, ड्रम तापतो आणि पकड सुटत जाते. चकतीचा ब्रेक उघडा असतो. तो फिरता फिरता पाणी झाडून टाकतो आणि लवकर निवतो.

अण्णांना हे पुस्तकातून कळलेले नव्हते, पण त्यांचे वागणे त्याला धरून होते. उताराच्या तोंडाशी ते गाडी थांबवत, छोटा लिव्हर ओढून गाडी ‘लो’मध्ये घालत आणि इंजिनाच्या रोधावर खाली उतरवत. पाय ब्रेकवर ठेवलेला क्वचित दिसे. ओढा ओलांडल्यावर ते पन्नास पावले पेडल हलके दाबून गाडी चालवत. आम्हाला ती सवय वाटे. खरे तर ड्रम वाळवण्याची ती युक्ती होती. ही विद्या पुतण्याला अवगत आहे, पण जीप तो एकटाच चालवील असे नाही. गडी चालवतो, शेजारी मागून नेतो. अण्णांच्या पायांवर भरवसा ठेवून बनलेली व्यवस्था अण्णांशिवाय चालवायची, तर ती बदलायला हवी होती.

म्हणून पहिली पाळी ब्रेकची आली. नंतरच्या मॉडेलमधला दुहेरी मास्टर सिलिंडर, पेडलाचा जोर वाढवणारा बूस्टर आणि पुढच्या चाकांना चकत्या. इथे मला एक नवी गोष्ट कळली. बूस्टर पोकळीवर, म्हणजे निर्वातावर चालतो. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असल्यामुळे ती पोकळी आपोआप मिळते. डिझेल इंजिनात तशी झडप सहसा नसते, हवा मोकळी आत जाते. त्यामुळे पोकळीही मिळत नाही. ती निर्माण करायला वेगळा पंप लागतो. नंतरच्या कित्येक डिझेल गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच जोडलेला असतो. म्हणजे बूस्टर घेतला की पंपवाला अल्टरनेटर घ्यावा लागतो, अल्टरनेटर बदलला की पट्टा आणि त्याची पकड बदलावी लागते आणि जुनी, ठिसूळ झालेली वायरिंग नव्याने ओढावी लागते. चकतीच्या पिस्टनला ड्रमपेक्षा जास्त तेल लागते, म्हणून मास्टर सिलिंडरही त्या मापाचाच हवा. भंगारातून मिळाला तो बसवला, असे चालत नाही. मिस्त्री म्हणाले, “एक पाव्हणा बोलावला की त्याच्या घरचे चौघे येतात.”

दुसरी पाळी स्टिअरिंगची. जुन्या जीपचे चाक दोन्ही बाजूंना चार बोटे रिकामे फिरते, हे ज्यांनी ती चालवली आहे त्यांना सांगायला नको. पुतण्याला तिथे पॉवर स्टिअरिंग हवे होते आणि वहिनींना नेताना खड्डे चुकवायचे तर ते असावे, हे मलाही पटले. पण मिस्त्रींनी आधी चासी धुऊन घेतली आणि स्टिअरिंगचा डबा जिथे बसतो ती जागा बोटाने चाचपून दाखवली. पूर्वी जोर माणसाच्या हाताचा होता. आता तो पंपाने दाबलेल्या तेलाचा असणार. दगडात अडकलेले चाक पंप जबरदस्तीने वळवतो, त्याची प्रतिक्रिया चासीच्या त्या एका कोपऱ्यावर येते आणि जुना पत्रा तिथे तडकतो. म्हणून आधी आतून लोखंडी पट्टी बसवली, मग डबा. बाहेरून पाहणाऱ्याला ती पट्टी दिसत नाही. बिलात मात्र ती स्वतंत्र ओळीत होती आणि ती रक्कम देताना मला जराही जड वाटले नाही.

मग आले इंजिन, म्हणजे भांडणाचे खरे कारण. पुतण्याची बाजू खोटी नव्हती, हे आधी सांगतो. आमच्या जीपच्या डिफरन्शियलमध्ये ४३ आणि ८ दातांची जोडी आहे. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे दांडा ५.३८ वेळा फिरतो. ही जोडी शेतातून ओझे ओढण्यासाठी उत्तम, पण सडकेवर ताशी ६० च्या वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे २४०० फेरे घेते आणि ८० ला तर ३२०० च्या घरात जाते. तिच्या आवाजात शेजारच्याशी बोलायचे तर ओरडावे लागते आणि दवाखान्यातून परतणाऱ्या माणसाला ते सोसत नाही. पुतण्या आईसाठीच हे मागत होता.

मी त्याच्यापुढे कागद घेतला. जन्मभर फळ्यापुढे उभा राहिलेला माणूस, दुसरे काय करणार! जुन्या पेजो इंजिनाचा पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात, तो सुमारे १२ किलोग्रॅम-मीटर. थारच्या त्या इंजिनाचा सुमारे २५. जीपच्या पहिल्या गिअरमध्ये पीळ २.८ पट होतो, ‘लो’मध्ये टाकल्यावर २.४६ पट आणि डिफरन्शियलमध्ये ५.३८ पट. तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७. म्हणजे जुन्या इंजिनाने चाकांच्या दांड्यांकडे जास्तीत जास्त साडेचारशेच्या आसपास पीळ जाऊ शकत होता. नव्याने, जुनाच गिअरबॉक्स ठेवला तर, सव्वानऊशे. दांडे तेच, दाते तेच, बेअरिंगे तीच. चाक खडकात अडकले आणि पाय दाबला की यांपैकी जे सर्वात अशक्त, ते तुटणार. ते तुटू नये म्हणून गिअरबॉक्स बदला. तो लांबीला वेगळा, म्हणून प्रॉपेलर शाफ्ट बदला. मग दोन्ही अ‍ॅक्सल बदला. शिवाय कॉमन रेल इंजिनाला स्वतःचा मेंदू असतो. त्याचा छोटा संगणक, सेन्सर, वायरी असे सगळे कुटुंब बरोबर आणावे लागते आणि ते ओढ्याच्या पाण्यापासून जपावे लागते. गणित मांडून झाल्यावर पुतण्या बराच वेळ कागदाकडे बघत बसला.

शेवटी त्याने मधला मार्ग सुचवला. इंजिन राहू दे काका, निदान मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ३९ आणि ८ दातांची जोडी घालू, म्हणजे इंजिन थोडे सावकाश फिरेल. मिस्त्री हसले. पुढचे अ‍ॅक्सल तसेच ठेवून मागचेच बदलले, तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यामागे पुढच्या आणि मागच्या दांड्यांत बरोबर अर्ध्या फेऱ्याचा फरक पडतो. दोन चाकांवर चालवताना काही कळत नाही. चारही चाके जोडली की पुढचा दांडा एक हिशेब मागतो, मागचा दुसरा, आणि मधल्या ट्रान्स्फर केसमध्ये पीळ साठत जातो. चिखलात चाक घसरून तो सुटतो. कोरड्या कठीण रस्त्यावर सुटायला वाट नसते, तेव्हा दाते सुटतात. “बदलायचं तर पुढचं-मागचं दोन्ही बदला, न्हायतर दोन्ही ऱ्हाऊंद्यात,” असे सांगून ते चहाला गेले.

कायद्याचीही एक बाजू होती आणि ती मी आधीच पाहून ठेवली होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे सांगते की नोंदणीच्या पुस्तकातला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये एका निकालात हे पुन्हा स्पष्ट केले. इंजिन त्याच जातीचे बदलायचे असले तरी परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. त्यातून पंधरा वर्षे उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून नव्याने घ्यावी लागते. म्हणून ब्रेक आणि स्टिअरिंगचे कामही सुरू करण्यापूर्वी मी कार्यालयात लेखी विचारणा केली आणि उत्तर येईपर्यंत पान्याला हात लावू दिला नाही. पुतण्याला हा मास्तरी काटेकोरपणा वाटला असेल. वाटू दे.

अखेर पेजो इंजिन खाली उतरवले, उद्यमबागेतच नवे लायनर-पिस्टन घालून घेतले आणि परत त्याच जागी बसवले. इंजिन आणि माणसे यांच्यामधल्या लोखंडी पडद्याला आतून जाड नमदा लावला, सायलेन्सर नवा केला. वेग तेवढाच राहिला, पण बोलायला ओरडावे लागत नाही. बेळगावला पोहोचायला पूर्वीइतकाच वेळ लागतो.

काम पूर्ण होऊन जीप अंगणात आली तेव्हा वहिनींनी तिच्याभोवती एक फेरी मारली. चकत्या पाहिल्या, नवे स्टिअरिंग पाहिले आणि म्हणाल्या, “भावजी, ह्यांची जीप ह्यात किती राहिली?” प्रश्न सरळ होता. मी त्यांना चासीवर ठोकलेला क्रमांक दाखवला, इंजिन दाखवले, झिजून गुळगुळीत झालेले लिव्हरचे दोन गोळे दाखवले. त्यांनी त्यांतल्या एकावर हात ठेवला. पुढे काही बोलल्या नाहीत.

त्यांचा तो प्रश्न पुढे कित्येक दिवस माझ्या मनात राहिला, कारण तो मला वर्गातही नेहमी भेटतो. आमच्या भागातले पालक विचारतात, मुलांच्या मराठीत कानडी शिरले, आता इंग्रजी शिरले, मग ती आपली किती राहिली? मी त्यांना सांगतो की अण्णा, अक्का, अडकित्ता हे शब्द मराठीने कानडीकडून घेतले असे अभ्यासक मानतात आणि ते घेऊन ती बुडाली नाही. आमचे मिस्त्री ‘सावकाश’ म्हणतात तेव्हा ते मराठी बोलतात की उत्तर कर्नाटकातले कानडी, हे त्यांनाही सांगता येत नाही. शब्द दोन्हीकडे चालतो. नाम बाहेरून येते, त्याला प्रत्यय आपला लागतो, वाक्याच्या शेवटी क्रियापद आपले येते, तोवर चासी शाबूत आहे असे समजावे. मला काळजी वेगळी आहे. घरात एक भाषा अर्धी, शाळेत दुसरी अर्धी आणि दोन्हींचा एकमेकींशी मेळ नाही, अशी मुले मी पाहतो. सपाट रस्त्यावर, म्हणजे रोजच्या बोलण्यात, त्यांचे अडत नाही. निबंध लिहायची, अर्ज करायची, कुणाची समजूत घालायची कठीण वेळ आली, की आत कुठेतरी दात्याला दाता अडतो. त्याला नव्या शब्दांची भर हा उपाय नाही. एक भाषा तरी पुरती यावी लागते.

असो. जीपकडे वळतो. ज्यांच्या पडवीत अशी गाडी उभी असेल, त्यांनी तिला भंगारात घालण्यापूर्वी एखाद्या जाणत्या मिस्त्रीला चासी दाखवावी. ती गंजून गेली असेल तर मोह सोडावा. शाबूत असेल तर आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग वायरिंग आणि दिवे, असा क्रम धरावा. नव्या मॉडेलचा भाग घेताना त्याच्या बरोबरीने काय काय घ्यावे लागेल, ते आधी कागदावर लिहून काढावे. परिवहन कार्यालयात आधी विचारावे, नंतर नव्हे. आणि घरातल्या तरुणाची यादी फाडून टाकू नये; तिच्यात पुष्कळदा खरी गरज लपलेली असते.

यंदाच्या पावसाळ्यात वहिनींची दवाखान्याची एकही खेप चुकली नाही. पुतण्याने यादी नव्याने लिहिली आहे. पहिल्या क्रमांकावर पुढच्या दोन आसनांचे पट्टे आहेत, दुसऱ्यावर काच पुसणारा चांगला वायपर. टर्बो इंजिन सहाव्या क्रमांकावर आहे. त्याने ते खोडलेले नाही.